मेणवलीच्या घाटावर अडलेली मोटार

वाई गांव सोडून कृष्णेच्या कांठानें वर निघालें कीं अवघ्या तीन-एक किलोमीटरांवर मेणवली लागते. नाना फडणविसांनीं येथें आपला वाडा बांधला आणि वाड्याच्या मागल्या अंगास नदीवर चंद्रकोरीच्या आकाराचा घाट घातला. घाटावर शंकराचें एक व विष्णूचें एक अशीं दोन देवळें, आणि जवळच एका लहानशा देवळीवजा बांधणींत टांगलेली ती प्रसिद्ध घंटा. चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं वसई जिंकली, त्या विजयांतील ही खूण. घंटेवर बाळ येशूस घेतलेल्या मेरीची आकृति आहे व १७०७ हा सन आहे. शिवालयाच्या अंगणांत ही पाहुणी इतकीं वर्षें सुखानें नांदत आहे. येणारा प्रत्येक जण ती बघतो आणि हात जोडून पुढें जातो. ‘स्वदेस’ नांवाचा हिंदी बोलपट २००४ सालीं निघाला, त्यांतील गांव म्हणजे हेंच मेणवली. त्यामुळें अलीकडे घाटावर भाविकांपेक्षां छायाचित्रें काढणारांचीच दाटी अधिक असते. आम्हांस स्वतःला पहांटेची निवांत वेळ अधिक आवडते.

आमच्या वहिनींचें माहेर वाईचें, गणपती आळींतील. वय ७८. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हां त्यांनीं मुलाजवळ एकच हट्ट धरला कीं, रुग्णालयांत पाऊल ठेवण्यापूर्वीं आपणांस कृष्णामाईचें दर्शन घडवावें. डॉक्टरांनीं रुकार दिला. म्हणून पुतण्या, सूनबाई, त्यांची कन्या, वहिनी व आम्ही असे पांच जण आदल्या दिवशींच वाईस येऊन उतरलों. ढोल्या गणपतीपुढें वहिनी बराच वेळ बसल्या. त्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती बांधली आहे. पुराचें पाणी तीवर आपटून दुभंगावें व देवळास धक्का लागूं नये, ही त्यांतील योजना. लहानपणीं पूर आला म्हणजे आळींतील मुलें त्या भिंतीशीं पाणी कसें फांकतें तें पाहावयास धांवत, ही आठवण वहिनींनीं नातीस सांगितली. दुसऱ्या दिवशीं मेणवली पाहून तसेंच पुण्यास निघावयाचें आणि सायंकाळीं सहाच्या आंत रुग्णालयांत दाखल व्हावयाचें, असा बेत होता.

घाटावरून परत येऊन मोटारींत बसतों तों दुपारचा दीड वाजला. पुतण्यानें किल्ली फिरविली. समोरच्या फळीवरील दिवे लागलेले होते. ‘टक्’ असा एक आवाज झाला, सारे दिवे एकदम विझले, आणि क्षणभरानें पुन्हां उजळले. चार वेळां किल्ली फिरविली, चारही वेळां तोच प्रकार.

आपल्याकडे अडलेल्या मोटारीभोंवतीं सल्लागारांस तोटा नसतो. एकानें बॅटरी मेली असें सांगून नवी घेण्याचा सल्ला दिला. दुसऱ्यानें स्टार्टर जळाला म्हणून सांगितलें. तिसरा धक्का मारावयास बाह्या सरसावून पुढें आला. परंतु उतार होता तो नदीच्या दिशेचा. वाईहून भाड्याची गाडी मागविण्यासाठीं सूनबाईंनीं दूरध्वनि केला, तर लग्नसराईमुळें चार वाजेपर्यंत गाडी मिळणार नाहीं असें उत्तर आलें. वहिनी सावलींत दगडी पायरीवर बसल्या होत्या. त्या कांहीं बोलत नव्हत्या. औषधाच्या गोळीची वेळ मात्र त्यांनीं दोनदां विचारली.

आमची नात विद्युत् अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत शिकते. तिनें कोणासहि उत्तर न देतां आधीं मोटारीचे पुढले दिवे लाविले. ते लख्ख लागले. मग बापास किल्ली फिरवावयास सांगितली, तेव्हां दिवे पार मंदावले. “आजोबा, वीज आहे, पण वाटेंत कोठेंतरी अडते,” ती म्हणाली. शेजारीं शेतीचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडून तिनें विजेचा दाब मोजण्याचा मीटर मागून आणला.

पुढें तिनें जें केलें तें पाहून आम्हांस प्राज्ञपाठशाळेची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. केवलानंद सरस्वतींच्या त्या पाठशाळेंत १९१७ सालीं तरुण विनोबा अध्ययनास आले होते, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशीहि तेथलेच. धुरावरून अग्नीचें अनुमान करतांना आमचे गुरुजी अन्वय व व्यतिरेक असे दोन्ही लावून पाहावयास सांगत. एक गोष्ट असतां दुसरी असते काय, आणि नसतां नसते काय. मुलगी न्यायशास्त्राचें एक अक्षर शिकलेली नाहीं, पण तिची चाल नेमकी तीच होती.

बॅटरीच्या शिशाच्या दोन खुंट्यांवर दोन पकडी बसविलेल्या असतात. धन खुंटीवरील पकडीवर हिरवट-पांढऱ्या भुकटीचा चांगला थर सांचला होता. ऋण बाजू स्वच्छ दिसत होती. जमलेल्या साऱ्यांचीं बोटें अर्थातच त्या भुकटीकडे वळलीं. नातीनें मीटरच्या दोन सुया आधीं दोन्ही खुंट्यांवर टेकविल्या: १२.५ व्होल्ट. किल्ली फिरवितांना १२.१. बॅटरी मेलेली असती तर हा आंकडा धाडकन् खालीं आला असता. साडेनऊच्याहि खालीं गेला म्हणजे बॅटरीवर संशय घ्यावा असा संकेत आहे. मग तिनें सुया खुंट्यांऐवजीं पकडींवर ठेविल्या. किल्ली फिरवितांच आंकडा ४.६ वर आला! म्हणजे खुंटी आणि पकड यांमध्यें जी केसाएवढी फट, तेथेंच साडेसात व्होल्ट गडप होत होते. कोणत्या बाजूस? धन बाजूच्या सांध्यावर आंकडा शून्याच्या जवळ, आणि ऋण बाजूच्या सांध्यावर ७.५. साडेसात आणि ४.६ मिळून १२.१, बेरीज चोख जुळली. जिच्या अंगावर भुकटी ती निर्दोष, आणि स्वच्छ दिसणारी अपराधी. आमच्या शास्त्रांत यालाच हेत्वाभास म्हणतात.

येथें वाचकांस सहज शंका येईल कीं, वाट अडली होती तर दिवे लागले कसे. याचें उत्तर ओमच्या नियमांत आहे. (१८२७ सालीं हा नियम ग्रंथरूपानें मांडणारा जॉर्ज ओम कोलोन येथील शाळेंत शिकवीत असे, हें आम्ही वर्गांत मुलांस आवर्जून सांगत असूं.) अडथळा तोच असला तरी त्यावर खर्ची पडणारा दाब प्रवाहाच्या प्रमाणांत वाढतो. पुढल्या दिव्यांस दहा-एक अँपिअर पुरतात. ओमच्या विसाव्या हिश्श्याएवढ्या अडथळ्यावर त्यांचा अर्धाच व्होल्ट जातो, तो डोळ्यांस जाणवतहि नाहीं. स्टार्टरला दीडशें अँपिअर लागले तर त्याच अडथळ्यावर साडेसात व्होल्ट जातात. चिंचोळ्या बोळांतून एकेक माणूस सुखानें जातो, जत्रा मात्र जात नाहीं.

दुरुस्तीस बारा मिनिटें लागलीं. दहा नंबरच्या पान्यानें प्रथम ऋण पकड काढली, मग धन. हा क्रम महत्त्वाचा. ऋण बाजू गाडीच्या सांगाड्यास जोडलेली असल्यामुळें, धन बाजूपासून आरंभ केला आणि पान्याचें टोंक पत्र्यास लागलें तर ठिणग्यांचा डोंब उसळतो. ऋण पकडीच्या आंतल्या अंगास काळसर पापुद्रा बसला होता व ती सैलहि झाली होती. चहावाल्याकडील गरम पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून दोन्ही पकडी धुतल्या, कोरड्या केल्या, पॉलिश कागदानें शिसें चमकेपर्यंत घांसलें, आणि उलट क्रमानें, आधीं धन व मग ऋण, आवळून बसविल्या. पुतण्यानें किल्ली फिरविली आणि यंत्र पहिल्याच झटक्यास सुरू झालें. सुरू असतां मीटरवर १४.२ आंकडा आला, म्हणजे बॅटरी भरण्याचेंहि काम नीट चाललें होतें. नव्या बॅटरीचा सल्ला देणारे गृहस्थ तोंवर निघून गेले होते.

पावणेसहास आम्ही रुग्णालयांत पोंचलों. शस्त्रक्रिया तिसऱ्या दिवशीं झाली. वहिनी आतां घरीं आहेत आणि जिना मात्र चढत नाहींत.

बॅटरी खरोखरच रिकामी झाली असेल तर दुसऱ्या गाडीची वीज उसनी घेतां येते, त्याविषयीं दोन शब्द. लाल तार धन खुंटीवरून धन खुंटीवर लावावी. काळी तार चालत्या गाडीच्या ऋण खुंटीवर लावून तिचें दुसरें टोंक अडलेल्या गाडीच्या यंत्राच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून दूर, धरावें. कारण बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो आणि शेवटच्या जोडाशीं ठिणगी उडतेच. धक्का मारून सुरू करण्याचा उपाय हातानें गियर बदलण्याच्या गाडीसच चालतो, आणि नव्या गाड्यांत इंधनाचा पंपहि विजेवरच चालत असल्यामुळें बॅटरी अगदीं निःशेष झाली असेल तर कितीहि माणसें लावलीं तरी उपयोग होत नाहीं.