दोन बोटे माया

गर्भवती स्त्रीच्या वस्त्रांसाठी मराठीत स्वतंत्र असा एक रूढ शब्द आढळत नाही, आणि ही उणीव भाषेची नसून त्या वस्त्राच्या जातीतून आलेली आहे. कारण जे वस्त्र शिवलेलेच नव्हते, जे रोज सकाळी अंगावर नव्याने रचले जाई, त्याला गरोदरपणासाठी निराळे माप काढण्याची वेळच कधी येत नसे. उलट मराठीकडे जो शब्द आहे तो फार मोलाचा आहे. ‘ओटी’ म्हणजे लुगड्याची पोटाशी धरलेली झोळी, जिच्यात शेतातली भाजी, फुले, धान्य सहज घेता येते. ओटीपोट म्हणजे बेंबीखालचा तो भाग, जिथे गर्भाशय वसलेले असते. आणि ओटी भरणे म्हणजे तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी पदरात घालून स्त्रीच्या कुशीसाठी केलेली प्रार्थना. वस्त्र, शरीर आणि विधी या तिन्हींना ज्या भाषेने एकाच धातूचे नाणे दिले, त्या भाषेत गर्भारपणातल्या नेसण्याचा विचार गौण ठरू नये. तो घरोघरी बायकांनी केला, मात्र लिहून फारसा ठेवला नाही.

नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे अखंड कापड. ते सकच्छ पद्धतीने, म्हणजे काष्टा घालून नेसले जाते: आधी कमरेभोवती वेढा घेऊन गाठ, मग पुढे निऱ्या, निऱ्यांचा पोटाशी खोचलेला ओचा, आणि पायांमधून मागे नेऊन कमरेत खोचलेला काष्टा. या साऱ्या रचनेत परकर नाही, नाडी नाही, हुक नाही. आधार आहे तो एका गाठीचा, आणि ती गाठ कुठे बसवायची हे सर्वस्वी नेसणारीच्या हाती असते. गर्भाशय साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत ओटीपोटाच्या आतच राहते, विसाव्या आठवड्याच्या सुमारास ते बेंबीपर्यंत येते आणि छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत बरगड्यांच्या खाली जाऊन टेकते. या चढत्या क्रमाबरोबर जुन्या बायका गाठ हळूहळू पोटाखाली उतरवीत, निऱ्यांतल्या दोनचार कमी करून ते कापड वेढ्याला देत आणि ओचा सैल सोडीत. शरीराचा भार पुढे झुकतो तेव्हा पाठीच्या खालच्या कण्याचा बाकही वाढतो आणि कंबर धरते. अशा वेळी पोटाखालून गेलेला मऊ कापडाचा पदरी वेढा थोडा आधारही देतो. एकच लुगडे नवव्या महिन्यापर्यंत पुरत असे, आणि दिसायलाही ते आधीइतकेच नेटके दिसे.

मात्र या गाठीचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू दडवणे योग्य होणार नाही. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील डॉक्टरांनी 2024 साली दोन वृद्ध स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. कमरेवर वर्षानुवर्षे एकाच जागी आवळून बसलेल्या बंधनामुळे त्यांच्या त्वचेला न भरणारी जखम झाली आणि पुढे तिथेच कर्करोग उद्भवला. त्यांतली एक परकराची नाडी घट्ट बांधणारी होती, तर दुसरी परकराशिवाय लुगडे नेसणारी होती. दोष म्हणून लुगड्याचा नाही आणि परकराचाही नाही. एकाच जागी, एकाच ताणाने, रोज बांधण्याचा तो दोष आहे. गर्भारपण ही गाठ हलवायला भाग पाडते, पण त्या नऊ महिन्यांनंतर बहुतेक स्त्रिया जुन्या काचाच्या खुणेवरच पुन्हा नाडी बांधू लागतात.

नाडी आली ती सहावारीबरोबर. सहावारी साडी, म्हणजे सुमारे साडेपाच मीटरची ‘गोल’ नेसण, परकराशिवाय उभी राहत नाही. तिच्या निऱ्या नाडीत खोचाव्या लागतात आणि निऱ्या घसरू नयेत म्हणून नाडी आवळावी लागते. शिक्षण, नोकरी आणि शहर यांच्या वाटेने ही नेसण विसाव्या शतकात घराघरांत आली. नाशिकरोड हे गाव तर रेल्वे स्थानक आणि छापखाने यांच्या भोवतीच वाढलेले. 1925 साली सुरू झालेले इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि 1928 सालचे करन्सी नोट प्रेस यांच्यामुळे इथे महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घरांची वस्ती झाली, आणि त्या वस्तीत सासू नऊवारीत व सून सहावारीत असे चित्र पुढे दीर्घकाळ दिसत राहिले. प्रस्तुत लेखिकेचे घर त्यांपैकीच एक. तिच्या आईने 1973 साली, लेखिकेच्या वेळी गरोदर असताना, नाशिकच्या मेनरोडवरून एक हिरवे वायलचे पातळ आणले होते. वायल म्हणजे अधिक पीळ दिलेल्या बारीक सुताचे विरळ विणीचे कापड. ते घाम टिपते, वारा आत येऊ देते आणि धुण्यागणिक मऊ होत जाते. गर्भारपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते, उकाडा अधिक जाणवतो आणि नाशिकच्या वैशाखात तर अंगावरचे कापडच नकोसे होते. अशा दिवसांत त्या पातळाने जे सुख दिले त्याचा उल्लेख आईच्या बोलण्यात पुढे पन्नास वर्षे येत राहिला.

हिरव्या रंगाविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीने प्रसन्न राहावे, अलंकार घालावेत आणि शुभ्र वस्त्रे नेसावीत असे सांगितले आहे. चरकसंहितेने तिला लाल वस्त्रे वर्ज्य केली आहेत. याच परंपरेत तिला दौहृदिनी, म्हणजे दोन हृदये बाळगणारी, म्हटले आहे आणि ‘डोहाळे’ हा आपला शब्द त्याच कुळातला आहे. मराठी लोकरीतीने मात्र शुभ्र रंग न घेता हिरवा घेतला, कारण तो पिकाचा रंग आहे. पहिल्या महिन्यांत गाजावाजा न करता दिली जाणारी चोरचोळी हिरवी, सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणाची साडी हिरवी, चुडा हिरवा. या सोहळ्यात फुलांची वाडी भरतात, म्हणजे मोगरा, शेवंती, अबोली यांचे दागिने करून घालतात, आणि झोपाळ्यावर, नावेत, चंद्रकोरीत बसवून गर्भवतीचे कौतुक करतात. ज्या समाजात स्त्रीला सुंदर दिसण्याची सबब शोधावी लागे, त्या समाजाने ऐन जड पोटाच्या दिवसांत तिला सजवून सर्वांसमोर बसवले, ही गोष्ट लेखिकेला फार महत्त्वाची वाटते. त्याच सोहळ्यात विधवेच्या हातून ओटी भरली जात नसे, आणि मूल नसलेली बाई दाराशी उभी राहत असे, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. ती रीत जिथे मोडली आहे तिथे फुलांचा वास अधिक चांगला येतो.

लेखिकेच्या डोहाळजेवणासाठी, 1998 साली, मावशीची येवल्याची पैठणी मागून आणली गेली. येवला नाशिक जिल्ह्यातच आहे, आणि पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा पैठणइतकाच येवल्याचाही मान झाला. परंतु जरीचे काठ आणि जरीचा भरगच्च पदर यांचे वजन सातव्या महिन्यातल्या खांद्याला कळते ते त्या मानांकनात येत नाही. तासाभरात छायाचित्रे झाली, आरती झाली, आणि मग आईने आतल्या खोलीत नेऊन पैठणी उतरवली व साधी सुती साडी नेसवली. अंग मोकळे झाले. पैठणीला पुन्हा घडी घालताना आईने तिच्या काठावरून जो हात फिरवला, त्यात कौतुक होते आणि बोटांना जरीचा खरखरीतपणा जाणवल्याची एक सूक्ष्म नाराजीही होती.

खरी अडचण डोहाळजेवणाची नव्हतीच, ती रोजच्या कामाची होती. लेखिका ज्या कार्यालयात काम करी, तिथे गणवेशाची साडी कृत्रिम धाग्याची होती आणि तिला पर्याय नव्हता. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यानुसार त्या वेळी बारा आठवड्यांची रजा मिळे, आणि बाळाजवळ अधिक दिवस राहता यावे म्हणून बायका ती रजा बाळंतपणानंतरसाठी राखून ठेवीत. म्हणजे नववा महिना लागेपर्यंत ती साडी आणि ती नाडी सुटत नसे. घामाने कमरेभोवती लाल पुरळ उठले, नाडीची रेघ काळी पडली, आणि जेवणानंतर छातीत जळजळ होऊ लागली, कारण वर चढलेल्या गर्भाशयाने आधीच दाबलेल्या जठरावर नाडीचाही दाब पडत होता. यावर उपाय आईने शोधला. तिने ट्रंकेतून 1973 चे ते हिरवे पातळ काढले. त्याचा अर्धा भाग लेखिकेच्याच जन्मानंतर दुपटी आणि लंगोट होऊन संपला होता. उरलेल्या अर्ध्यातून तिने चार बोटे रुंद दुहेरी पट्टा शिवला, परकराची नाडी काढून टाकून तो पट्टा तिथे जोडला, आणि बाजूला हुकांच्या एकापुढे एक अशा तीन ओळी लावल्या. महिन्यागणिक एकेक ओळ सैल होत गेली. गणवेशाच्या साडीच्या निऱ्या त्या पट्ट्यात नीट बसल्या, बाहेरून कोणालाही फरक कळला नाही, आणि पोटाखालून गेलेला तो रुंद पट्टा जुन्या नऊवारीच्या वेढ्यासारखाच भार पेलू लागला.

याच सुमारास पाश्चात्त्य देशांतला इतिहास वाचनात आला तेव्हा त्याची संगती लागली. अमेरिकेतील डॅलस येथे 1938 साली एल्सी फ्रँकफर्ट यांनी आपल्या गरोदर बहिणीसाठी स्कर्टच्या पुढच्या भागात, पोटाच्या जागी, कापड कापून खिडकी काढली आणि वरून सैल अंगरखा घालून ती झाकली. त्या एका खिडकीवर पुढे मोठा उद्योग उभा राहिला. शिवलेल्या वस्त्राला बुद्धिपूर्वक जागा करून द्यावी लागते. न शिवलेल्या वस्त्रात ती आधीपासूनच असते, आणि शिवणकामात शिरलेल्या मराठी बायकांनी व शिंप्यांनी तीच जागा वेगळ्या नावाने जपली.

त्या जागेचे नाव ‘माया’. शिवणीच्या आत, पुढे कपडा वाढवता यावा म्हणून, जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला शिंप्यांच्या बोलीत माया म्हणतात. चोळीच्या, म्हणजे आजच्या ब्लाऊजच्या, काखेखालच्या शिवणीत माया ठेवली नसेल तर तिसऱ्या महिन्यातच तो टाकून द्यावा लागतो, कारण गर्भारपणात छातीचे माप पोटाच्याही आधी वाढू लागते. ठेवली असेल तर एक टीप उसवून तोच ब्लाऊज पुढे बाळाला पाजण्याच्या दिवसांतही चालतो. तयार कपड्यांच्या दुकानांतून ही माया जवळजवळ नाहीशी झाली आहे. कापड वाचवण्यासाठी शिवण काठाला टेकवलेली असते, आणि जागेची भरपाई इलास्टिकने केली जाते. इलास्टिक ताणले जाते खरे, पण ताणलेले असताना ते आवळतही राहते. घरी सर्रास वापरला जाणारा गाऊन सैल असतो, पण त्यात बाहेर पडण्याचा संकोच वाटतो, आणि ज्या दिवसांत थोडे चालणे हितकारक असते त्याच दिवसांत बाई घरात अडकते. सुखाचे कपडे घरात आणि नीटस कपडे बाहेर, ही वाटणी लेखिकेला कधीच पटली नाही.

बाळंतपणानंतर हिरव्या पातळाच्या उरलेल्या लांबट तुकड्याने लेखिकेचे पोट बांधले गेले, आणि जे काही शेवटी राहिले ते गोधडीत गेले. ती गोधडी आता लेखिकेच्या मुलीकडे आहे. मुलीच्या गरोदरपणाच्या वेळी कायदा बदललेला आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि त्यांतले आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. तरीही सहाव्या महिन्यापर्यंत ती आठवड्यातून दोनदा सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला जात होती, आणि फलाटावरून डब्याची पायरी चढताना काय घालावे हा प्रश्न तिच्यापुढे अगदी व्यावहारिक रूपात उभा होता: पायात अडकणार नाही इतकी उंची, दोन्ही बाजूंना कमरेपर्यंत चीर, पोटावर दाब न देणारी छातीखालची चुण्यांची जोड, सपाट तळाची आणि संध्याकाळी सुजलेल्या पावलालाही सामावणारी चप्पल. रात्री डाव्या कुशीवर झोपताना डॉक्टरांनी गुडघ्यांमध्ये उशी घ्यायला सांगितले, तेव्हा तिने उशीऐवजी ती गोधडी घडी करून घेतली. उशी गरम होते आणि गोधडी होत नाही, एवढेच कारण तिने दिले.

स्थानकाजवळच्या गल्लीत जिन्याखाली बसणाऱ्या शिंप्याकडे तिने गडद हिरव्या सुती कापडाचे दोन कुर्ते शिवायला टाकले होते. त्याने फीत मानेवर टाकून, खडूने खूण करताना विचारले, “ताई, माया किती ठेवू?” आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःची दोन बोटे शिवणीवर आडवी ठेवून तेवढे अंतर आखले. सातवा महिना लागला तेव्हा कुर्ता पुन्हा त्याच्याकडे गेला. त्याने ब्लेडच्या टोकाने टीप उसवली, दुमड उघडून बोटाने दाबली, आणि दोन्ही कुशींना काखेपासून घेरापर्यंत दोन बोटे रुंदीची एक पट्टी दिसू लागली. बाकीचा कुर्ता धुऊन आणि उन्हात वाळून फिकट झाला होता, ही पट्टी मात्र कापड घेतले त्या दिवसाइतकीच हिरवी होती, आणि तिच्या कडेने जुन्या टिपेची बारीक छिद्रे ओळीने उमटलेली होती.