जुन्या गाडीचे काळीज

म्हातारपण माणसाला आले की घरचे पथ्य सांगतात. गाडीला आले की सारे गाव सल्ला देते. आमची 1968 सालची फियाट 1100 भाईंदरच्या इमारतीखाली उभी दिसली की येणारा-जाणारा विचारतो, "इंजिन कधी बदलताय?"

चिरंजीवांचे मत पक्के. "बाबा, कार्ब्युरेटरचा जमाना गेला. इंजेक्शनचे इंजिन टाका; किल्ली फिरवली की सुरू!" त्याचे म्हणणे खोटे नाही. कार्ब्युरेटर म्हणजे अंदाजाने मीठ घालणारी आजी. आत ओढल्या जाणाऱ्या हवेबरोबर तो पेट्रोल सोडतो, आणि सकाळच्या गारव्यात चोक ओढून त्याची मनधरणी करावी लागते. इंजेक्शन म्हणजे तराजू घेऊन बसलेला वाणी. हवा किती, उष्णता किती हे पाहून, पंपाने दाबलेले पेट्रोल तो मोजून देतो. अमेरिकेत तर 1932च्या फोर्डमध्ये घालायला अशी नवीकोरी इंजिने खोक्यातून येतात म्हणे!

आपल्याकडे असले खोके कुठले? काशीमिऱ्याच्या मिस्त्रींनी जिप्सीचे इंजिन सुचवले. हल्लीच्या छोट्या गाड्यांची इंजिने बहुधा आडवी, पुढची चाके ओढणारी. आमची फियाट मागच्या चाकांवर चालणारी. जिप्सीचे मात्र तिच्यासारखेच लांबीत बसते. 1298 सी.सी., 80 अश्वशक्ती. आमचे 1089 सी.सी.चे, ताकद निम्म्याच्या आसपास.

"आणि ब्रेक?" मी विचारले.

मिस्त्री हसले. "चारी चाकांना जुने ड्रमच की, काका. तेही बदलू." मग गिअरबॉक्स, रेडिएटर, टाकीतला पंप, वायरिंग. एका काळजापायी सगळा देहच बदलायचा!

शिवाय कायदा आहेच. इंजिन बदलायचे तर आर.टी.ओ.ची आधी परवानगी हवी. 2021च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरच्या गाडीला 'विंटेज' हा मान मिळतो, पण ती मूळ रूपातच हवी. आणि तो मान घेतला की रस्त्यावर यायचे ते प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतेच. मला तिला देव्हाऱ्यात बसवायचे नव्हते.

कारण गाडी खरी आईची. वडिलांनी ती घेतली तेव्हा पहिली फेरी उत्तनच्या किनाऱ्यापर्यंत झाली, ती आईला शेजारी बसवून. आई आता अठ्ठ्याऐंशीची. डोळ्यांना फारसे दिसत नाही. पण खाली इंजिन सुरू झाले की वरून विचारते, "आपलीच ना रे?" ऐंशी घोड्यांच्या त्या मुलायम आवाजाला तिने ओळखले नसते.

मी जुने इंजिनच उघडून दुरुस्त करून घेतले. हल्लीच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्याने जुने रबर खराब होते; म्हणून ते सोसणाऱ्या नव्या नळ्या घातल्या. चिरंजीव चार दिवस फुरंगटून होते. पाचव्या दिवशी सकाळी आजीला उत्तनला न्यायचे ठरवून ते स्वतःच खाली उतरले. थोड्या वेळाने जिन्यातून हाक आली, "बाबा, चोक किती ओढायचा?"