हजार वर्षं जुनं (?) होकायंत्र

गेल्या वर्षी धाकटा भाऊ शिकायला कॅनडाला निघाला, तेव्हा मी त्याला चांदीचं एक पेंडंट दिलं होतं. मधून आठ दिशांना फुटलेल्या आठ काड्या आणि प्रत्येकीच्या टोकाला वेगळी नक्षी. नाव 'वेग्विसिर', म्हणजे वाट दाखवणारा. सोबतच्या कार्डावर छापलं होतं, 'व्हायकिंगांचं हजार वर्षं जुनं होकायंत्र'. मग काय! एअरपोर्टवर मी रंगवून सांगितलं, की हे घालून व्हायकिंग समुद्र पार करायचे, तूही कुठे हरवणार नाहीस. आई तर रडलीच.

मागच्या शनिवारी काही काम नव्हतं (म्हणजे होतं, पण केलं नाही). सहज या चिन्हाचा पहिला 'कमिट' कधीचा ते शोधायला बसले. निघाला १८६० सालचा! आइसलँडमधल्या आकुरेरी गावी गेइर विग्फुसॉन नावाच्या गृहस्थांनी 'हुल्द' नावाची पोथी लिहून काढली, त्यात हे चिन्ह आहे. हे जवळ बाळगणारा वादळवाऱ्यात, अनोळखी वाटेवरही चुकणार नाही, असं तिथे म्हटलंय. व्हायकिंगांचा जमाना अकराव्या शतकातच आटोपला होता. म्हणजे मधे तब्बल आठशे वर्षांची गॅप.

बरं, व्हायकिंग गळ्यात काही घालत नव्हते असं नाही. थॉर देवाच्या हातोड्याची पेंडंटं खरोखर त्या काळातली सापडतात. २०१४ मध्ये डेन्मार्कमधल्या लोलांड बेटावर मिळालेल्या अशाच एका हातोड्यावर रून लिपीत चक्क 'हा हातोडा आहे' असं कोरलेलं आहे. (कोडमध्ये अशा कॉमेंट्स लिहिणारे आमच्या टीममध्येही आहेत.) डेन्मार्कमध्येच एक दगडी साचा मिळालाय, त्यात हातोडाही ओतता येतो आणि ख्रिस्ती क्रॉससुद्धा. गिऱ्हाईक कोणत्याही देवाचं असो, सोनाराचा धंदा चालू!

इथपर्यंत हसत होते. पुढचं वाचून मात्र गप्प झाले. सतराव्या शतकात आइसलँडमध्ये जादूटोण्याच्या आरोपावरून वीसेक माणसांना जिवंत जाळलं, बहुतेक सगळे पुरुष. १६२५ मध्ये योन रोग्नवाल्दसॉनला जाळलं, तेव्हा त्याच्या घरात सापडलेले रून लिहिलेले कागद हा पुरावा धरला होता. अशा खुणा लिहिलेला कागद घरात सापडणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि मी त्यातलीच एक, फ्री शिपिंगवर मागवून, खोटी गोष्ट जोडून भावाला दिली.

अपराधी वाटायला लागलं. रविवारी त्याला फोन करून सगळं सांगून टाकलं.

"ताई, अगं मला डिसेंबरमध्येच कळलं होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतकं मनापासून सांगितलं होतंस! आणि पहिल्या बर्फात रात्री चुकीच्या स्टॉपवर उतरलो, फोन बंद पडला, तेव्हा पेंडंट हातात घट्ट धरून चालत होतो. तारीख कुठे बघत बसणार?"

"मग सापडला रस्ता?"

"हो. एका आजोबांना विचारला."

पेंडंट अजून त्याच्या गळ्यात आहे. मी कार्ड मागे राहिलेलं शोधून काढलं आणि 'हजार वर्षं'वर काट मारून '१८६०, आकुरेरी' असं लिहिलंय. पुढच्या पार्सलमध्ये चकल्यांबरोबर पाठवीन म्हणते.