वीतभर पोर

आमच्या भूम गांवीं खव्याच्या भट्ट्या पेटतात. त्यांचा धूर दाराशीं आला कीं आम्ही खिडकी लावून घेतों. सातव्या महिन्यांत जन्मलेल्या पोरास ऊब, दूध व स्वच्छ हवा यांवांचून दुसरें वैभव नको असतें. पण ही तीनच मिळवितांना घर थकतें. त्यास काचेच्या पेटींतून घरीं आणलें तेव्हां मातुःश्रींनीं कापूस व शेगडी सिद्ध ठेविली होती. परिचारिकेनें मात्र पोर उघड्या छातीशीं धरावयास सांगितलें होतें. ही रीत १९७८ सालीं कोलंबियांतील बोगोटा शहरीं, पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून निघाली. टंचाईंतून निघालेली तोड श्रीमंत देशांनींहि उचलावी, याची आम्हांस मौज वाटते! इकडे गडचिरोलीस डॉ. अभय व राणी बंग यांनीं खेड्यांतील स्त्रियांनाच नवजातांची निगा शिकविली. ३९ खेड्यांतील त्यांचे मृत्यु निम्म्याहून अधिक घटल्याचें १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें छापून आलें.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, हातापायांचे व्यायाम, वजन, यांसाठीं सोलापूरच्या फेऱ्या चालूच आहेत. तेथील कांट्यावर आमचें जेवण गोड लागणें अवलंबून! परवां तीस ग्रॅम घटले. मातुःश्री कांहीं बोलल्या नाहींत. चोळीची गांठ सोडून त्यांनीं पोर स्वतःच्या छातीशीं घेतलें.