टिकटिक

आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जवळजवळ दिसेनासं झालंय हे आम्हाला फार उशिरा कळलं. नाशिकच्या पंचवटीतल्या आमच्या घरात ते डोळे मिटूनही फिरत. शुगर जुनी. डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा बाहुल्या मोठ्या करून तपासायचा असतो. आम्ही मात्र फक्त चष्म्याचा नंबर काढून आणायचो. पडदा खराब होताना सुरुवातीला ना दुखतं, ना दिसायचं कमी होतं. मग लेझर झालं, डोळ्यात इंजेक्शनं झाली. उरलेली नजर टिकवायची, एवढंच हाती राहिलं.

मी कंबर कसली. आप्पा अडखळू नयेत म्हणून खुर्ची, तांब्या, औषधांचा डबा सगळं सोयीच्या जागी हलवलं. संध्याकाळी ते त्याच खुर्चीवर आदळले.

"अगं, डोळे गेलेत, पाठांतर नव्हतं गेलं. ते तू पुसलंस."

रविवार कारंज्यावर मी त्यांचा दंड धरून त्यांना रस्त्यापार नेऊ लागले. ते जागीच थांबले. "ढकलू नकोस. तुझं कोपर दे." कोपर धरून ते अर्धं पाऊल मागे चालले. मी पायरी उतरले की माझ्या हातावरून त्यांना आपोआप कळायचं.

मग डोक्यात ब्रेल शिरलं. सातपूरच्या नॅबमध्ये, अंधांसाठीच्या संस्थेत, चौकशी करू म्हटलं, तर आप्पांनी बोटं पुढे केली. "या बोटांना कापलेलं कळत नाही, टिंबं काय कळणार?" शुगरनं नसाही बधिर होतात, हे तेव्हा डोक्यात शिरलं. आता रोज रात्री मी त्यांचे तळवे बघते. चपलेतला खडा त्यांना दिसत नाही आणि बोचतही नाही.

खरी धास्ती इन्सुलिनच्या पेनाची. ते फिरवलं की युनिटमागे एक टिक वाजते, आणि आप्पा कानानं मोजायचे. सोबतच्या कागदावर मात्र स्पष्ट लिहिलंय : टिकटिक मोजून डोस ठरवू नका, दिसत नसेल तर मदत घ्या. "मीच देत जाईन," म्हटल्यावर आप्पा दोन दिवस गप्प. शेवटी तोडगा निघाला. फिरवायचं त्यांनी, खिडकीतला आकडा वाचायचा मी.

काल मी वाचलं, "सोळा."

"अठरा. चष्मा लाव."

लावला. अठराच होते.