कापसाच्या गावात लोकर

साबण लागताच हळदीचा डाग लालभडक झाला. नणंदेच्या हळदीत वाटी कलंडली होती आणि खाली मामंजींनी हौसेनं आणलेला भदोहीचा लोकरी गालिचा. मी हादरले, सासूबाई शांत होत्या. "अगं, हळदीला चुना लावला की कुंकू होतं ना? तसंच हे." त्यांचं बरोबर होतं. साबण, सोडा, चुना हे सगळे अल्कलीच्या जातीचे. त्यांच्या संगतीत हळदीतलं कर्क्युमिन तांबडं होतं.

तेवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण आमचं मानवत पडलं कापसाचं गाव. इथं घरटी कुणीतरी जिनिंगमध्ये नाहीतर अडतीवर असतंच आणि डागाबद्दल प्रत्येकाचं मत तयार असतं. आमचे चुलत सासरे म्हणाले, "त्याला काय एवढं? ब्लीच टाका. कापसाचं बी असंच निघतंय." टाकलं. तांबडं गेलं खरं, पण सुकल्यावर गालिच्याची पांढरी जमीन पिवळी पडली, मरून काठ विटकरी झाला आणि तिथली लोकर हाताला खरखरीत लागू लागली. डाग गेला, आता डाग काढल्याचा डाग आला.

पुण्याच्या ताईनं कापडरंगाईचं शिक्षण घेतलंय. तिला फोन केला तर तिनं आधी एक धागा जाळून बघायला सांगितलं. केस जळाल्यासारखा वास आला. "मग ती अस्सल लोकर. केसांसारखीच, केराटिनची. कापूस म्हणजे सेल्युलोज, तो सोडा-ब्लीच सोसतो. लोकर त्यात पिवळी पडते, जास्त वेळ राहिली तर विरघळतेसुद्धा." सासूबाईंच्या माहेरच्या घोंगडीवर असलं काही कधी दिसलं नव्हतं. ती मेंढीच्याच काळ्या रंगाची, रंगवलेली नव्हती. शिवाय तिला ब्लीच लावायचं कुणाच्या मनातही आलं नसतं.

ब्लीचवर उतारा म्हणून मी व्हिनेगरची बाटली उघडून बसलेच होते. ताई फोनवर ओरडली, "थांब! ब्लीचवर आंबट पडलं की क्लोरीन वायू सुटतो." आधी साध्या गार पाण्यानं टिपायचं, घासायचं नाही. मग हायपो, म्हणजे जुन्या स्टुडिओत फोटो धुताना वापरायचे तो. मत्स्यटाकीच्या दुकानात क्लोरीन मारायला थेंब मिळतात, त्यातही बहुधा तोच असतो. उरलेलं ब्लीच तो निकामी करतो. हायपोही पुसून काढायचा, कारण त्यावर आंबट पडलं तर गंधक सुटतं. त्यानंतर कुठे पातळ व्हिनेगरची पाळी. मला हे स्वयंपाकातल्या सोवळ्यासारखं वाटायला लागलं, कशानंतर काय शिवायचं याचे नियम.

एवढं करून रंग परत येत नाही, हे मात्र मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. ब्लीचनं उडवलेला रंग गेला तो गेलाच. नवा चढवावा लागतो. लोकरीला लागतात ते ॲसिड रंग. आंबट पाणी आणि उष्णता मिळाली की ते धाग्याला धरतात. गरम पाण्यात मरून रंग कालवला, ब्रशनं टोकाटोकानं लावला आणि वाफेची इस्त्री वरच्यावर धरली. आणि तो भाग उरलेल्या काठापेक्षा गडद झाला! क्लोरीन लागलेली लोकर रंग अधाशासारखी ओढते, हे ताईनं नंतर सांगितलं. अशा वेळी रंग अगदी पातळ घ्यायचा, आणि ओला असताना निकाल द्यायचा नाही, कारण ओली लोकर गडदच दिसते.

पिवळ्या जमिनीवर तिनं चहा सुचवला. कोरा, पातळ, गाळलेला. गालिचे जुने दिसावेत म्हणून व्यापारी ते चहाच्या पाण्यात काढतात म्हणे. ज्या चहाचा डाग पडू नये म्हणून पाहुण्यांच्या कपाकडे डोळे लावून बसायचं, तोच मी चमच्यानं गालिच्यावर सोडत होते. पिवळेपणा गेला नाही, पण बदामी छटेत बराच मुरला.

सगळ्यात चीड आली ती दुसऱ्या कोपऱ्यातल्या हळदीच्या ठिपक्याची. तो कुणालाच दिसला नव्हता, त्यामुळे त्यावर कुणी काही केलं नाही. गालिचा गच्चीवर वाळत घातला तेव्हा उन्हानंच तो फिकटला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

काठाच्या खरखरीत भागातली लव आता झडायला लागली आहे. तिथं रंग उपयोगाचा नाही, गाठी नव्यानं माराव्या लागतील, आणि ते विणकराचं काम. मामंजी म्हणतात, त्यावर टीपॉय ठेवा. सासूबाईंना ते मान्य नाही. टीपॉयखाली झाकलं की झाडताना कुणाचं लक्ष जाणार नाही आणि कसर तिथूनच शिरेल, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचं पटतं.