मुकी अक्षरे

इंग्रजी शब्दात जी आणि एच ही अक्षरे शेजारी आली की मराठी वाचकाच्या जिभेवर आधी 'घ' उभा राहतो. हे स्वाभाविकच आहे. आपले घाट आणि घी इंग्रजी कोशांत गेले ते याच जोडीचे बोट धरून. परंतु 'नाइट' (रात्र), 'लाइट' (प्रकाश), 'डॉटर' (कन्या), 'एट' (आठ) या शब्दांत ही जोडी नुसती बसून असते, बोलत नाही. 'लाफ' (हसणे), 'टफ' (चिवट), 'ट्रॉफ' (गुरांची डोणी) यांत ती 'फ' होते. 'बाऊ' (झाडाची फांदी) आणि 'डो' (कणकेचा गोळा) यांत पुन्हा मौन.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटली आणि भेटली ती घोकंपट्टीतून. 'एन-आय-जी-एच-टी नाइट, नाइट म्हणजे रात्र' असे सूर लावून आम्ही शब्द पाठ करीत असू. जी-एच गाळले तर छडी होती. ते का लिहायचे, या प्रश्नाला उत्तर नव्हते. नाइट म्हणजे रात्र हे कळले, जी-एच म्हणजे काय हे कळले नाही. ते पुढे मराठीच्या एम. ए.ला भाषाविज्ञान वाचताना कळले, हा एक गमतीदार योग.

ही अक्षरे जन्मतः मुकी नव्हती. जुन्या इंग्रजीत या शब्दांत घशातून घासत येणारा, 'ख'च्या जवळचा एक ध्वनी होता. तो त्या काळी नुसत्या एचने लिहीत. १०६६ साली नॉर्मन सत्ता आली आणि पुढच्या शतकांत फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी त्याच्यासाठी जी-एच ही जोडी रूढ केली. कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाईमुळे स्पेलिंगे हळूहळू घट्ट होत गेली, आणि त्याच सुमारास प्रमाण उच्चारातून तो ध्वनी ओसरू लागला. कोठे तो लोपला, कोठे 'फ' झाला. घर रिकामे झाले, दारावरची पाटी राहिली. जर्मनच्या 'नाख्ट'मध्ये आणि स्कॉटलंडच्या बोलीतल्या 'निख्ट'मध्ये तो आजही ऐकू येतो.

काही पाट्या मात्र खोट्या आहेत. 'डिलाइट' (आनंद) हा फ्रेंचमधून आलेला शब्द; त्यात तो ध्वनी कधीच नव्हता. 'लाइट'च्या संगतीने त्याला जी-एच चिकटले. 'हिकप' (उचकी) या शब्दाचे एक स्पेलिंग, खोकल्याशी नसलेले नाते जोडून, 'कॉफ'सारखे केले गेले. 'गोस्ट'मधला एच कॅक्स्टनच्या छापखान्यातून, डच-फ्लेमिश वळणाने आला, असे मानतात. भुताच्या शब्दातच आगंतुक अक्षर असावे, हेही बरेच झाले.

मागे एकदा वर्गात इंग्रजी उतारा मोठ्याने वाचताना एका विद्यार्थिनीने 'डॉटर'चा उच्चार 'डॉघ्टर' असा केला. वर्ग हसला. ती खाली बसली आणि त्या तासाला पुन्हा बोलली नाही. आम्ही फळ्यावर चार शब्द लिहिले: संस्कृत 'दुहिता', फारसी 'दुख्तर', जर्मन 'टोख्टर' आणि कोकणीतला 'धूव'. सगळ्यांचा अर्थ मुलगी. 'दुहिता'मधला 'ह' आणि इंग्रजीतले मुके जी-एच हे एकाच आदिम ध्वनीचे वंशज आहेत. म्हणजे आजच्या उच्चाराच्या दृष्टीने तिचे वाचन चुकले होते. परंतु जे अक्षर ती वाचत होती, ते तेथे वाचण्यासाठीच लिहिले गेले होते. मग 'एट'शेजारी 'अष्ट' आणि 'नाइट'शेजारी 'नक्त' मांडला. दिवसभर उपास करून रात्री जेवणे म्हणजे नक्त, हे वर्गातल्या दोघातिघांना आजीकडून ठाऊक होते.

आता आपल्या घरात डोकावू. 'अष्ट'चे 'अट्ठ' आणि 'अट्ठ'चे 'आठ' झाले. व्यंजन झिजले आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. 'नाइट'मध्येही नेमके हेच घडले. फरक इतकाच की मराठीने झिजलेले अक्षर लेखणीतूनही उतरवले. हेच पुढे अनुस्वारांबाबत झाले. 'पांच', 'दांत', 'नांव', 'केलें' यांवरचे टिंब जुन्या नासिक्य उच्चाराची खूण होते. उच्चार गेला, टिंब पुष्कळ काळ टिकले, मराठी साहित्य महामंडळाच्या, १९६२ साली शासनमान्य झालेल्या नियमांनी ते निवृत्त केले. कोकणीत तो नासिक्य स्वर अद्याप जिवंत आहे. मराठीला ती जणू स्कॉटलंडच्या जागी आहे.

हा निर्णय मुलांच्या हिताचा होता, याविषयी आम्हांला शंका नाही. न ऐकू येणाऱ्या टिंबासाठी मार खाणे थांबले. पण त्याची किंमतही आम्ही वर्गात रोज पाहतो. शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकातले 'घरांत' आजचा विद्यार्थी 'अनेक घरांमध्ये' असे वाचतो; तेथे घर एकच असते. 'केलें' हे नपुंसकलिंगी एकवचन त्याला 'केले'चे चुकलेले रूप वाटते. आजोबांच्या पिढीची छापील मराठी नातवाला अशुद्ध वाटू लागते. इंग्रजी आपल्या मुलांकडून वारशाचा कर पाचव्या वर्षापासून वसूल करते. आपण तो माफ केला, पण वारशाची कागदपत्रे वाचायला शिकवायचे राहून गेले.

म्हणून स्पेलिंगला वेडगळ म्हणून हसणे किंवा ऱ्हस्व-दीर्घाचा बडगा उगारणे, हे दोन्ही आम्हांला सारखेच अपुरे वाटते. मुक्या अक्षरापाशी अडखळलेला विद्यार्थी बहुधा बरोबर जागी अडखळलेला असतो. ते अक्षर एके काळी काय बोलत होते, एवढे सांगायला वर्गातली दोन मिनिटे पुरतात. ती दोन मिनिटे अभ्यासक्रमात कोठेही लिहिलेली नाहीत. ती शिक्षकानेच काढायची असतात.